पहिल्या हाकेला ओ

एकोणीसशे सत्तावन्न साली मला चिंचवडच्या एका चिनीमातीच्या कारखान्यात नोकरी लागली. हुद्दा होता सुरक्षा शिक्षक. असा काही हुद्दा असतो हे मुंबईचा तीन महिन्यांचा वर्ग करेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं, तेव्हा कामगारांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'हातपाय मास्तर' ठेवलं. पहिल्या वर्गात मी फळ्यावर माणसाचं चित्र काढून हात, पाय, डोळे, फुप्फुसं कुठल्या खात्यात कशी धोक्यात असतात ते खडूने दाखवलं होतं. चित्र वाईटच होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मास्तर, ह्यो तर आधीच मशिनीतनं निघाल्यावानी दिसतोय."

सगळे हसले. बोलणारा मालोजी होता. पवन मावळातला, तिशीचा, अंगाने काटक आणि तोंडाने अखंड चालणारा. मला चेष्टा फारशी सोसत नाही, पण मालोजी मला आवडायचा. त्याची चेष्टा संपली की तो प्रश्न विचारायचा आणि तो प्रश्न नेमका असायचा. वर्गातल्या बावीस जणांत ऐकणारा तोच होता असं म्हटलं तरी चालेल.

कारखाना मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला होता. मागे ज्वारीची रानं, पुढे रेल्वे. विजेच्या खांबावर बसवायचे पांढरे इन्सुलेटर आणि थोड्या कपबश्या एवढाच माल निघायचा. माती, गारगोटी आणि पाणी एकत्र दळायचं काम ढोलखात्यात चाले. ढोल म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा मोठी, आडवी, गोल फिरणारी लोखंडी पिंपं, आतून दगडी लादी लावलेली. असे तीन ढोल एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने होते. तिन्ही एकाच दांड्यावर फिरत आणि त्यांचा खटका एकच होता, शेडच्या एका टोकाला, पाण्याच्या पंपाशेजारी.

बुधवारी आणि शनिवारी सकाळी ढोल रिकामे करत. प्रत्येकात एकेक माणूस बाजूला, खालच्या अंगाला असलेल्या भोकातून आत शिरे आणि छन्नी-हातोडीने लादीवर वाळलेल्या मातीच्या खपल्या काढी. पहिल्या ढोलात ज्योतीराम, दुसऱ्यात सोनबा, तिसऱ्यात मालोजी. साफसफाई झाली की भोक वरच्या अंगाला आणण्यासाठी तिन्ही ढोलांना अर्धा फेरा द्यावा लागे, मग वरून माल भरत. त्या अर्ध्या फेऱ्याच्या वेळी कोणी आत असेल तर काय होईल, हे वर्गात सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. ते सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून खटका पाडायच्या आधी हाक मारायची पद्धत होती. खटक्यावर चांदभाई असायचा. पन्नाशीचा, चिंचवड गावातलाच, बोलायला कमी. त्याच्या जागेवरून फक्त पहिला ढोल दिसे. तो एकेकाचं नाव घेऊन हाक मारी आणि आतून बाहेर आलेला माणूस आपल्या ढोलापासून दूर, जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभा राहून ओ देई. तीन ओ मिळाल्या की खटका.

पहिल्या बुधवारी मी वही घेऊन ही पद्धत बघायला उभा राहिलो.

"ज्योतीराम!" चांदभाईने हाक मारली. ज्योतीराम माझ्यासमोर उभा होता, नखशिखान्त पांढरा, पापण्यांवरही माती. तो गप्प राहिला.

"ज्योतीराम!"

तरी गप्प.

"ज्योतीराम!"

"ओ!"

मग सोनबाच्या तीन हाका, मग मालोजीच्या. प्रत्येकाने तिसऱ्या हाकेलाच ओ दिली. मी मुकादम अर्जुनरावांना विचारलं, हा काय प्रकार आहे? त्यांना ऐकू येत नाही का?

"रीत हाय, साहेब. आमच्याकडं एका हाकेला ओ देत न्हाईत. हाक मारनारं मानूस आसंल तर तीनदा मारंल. दुसरं काय आसंल तर ते एकदाच मारतं."

ही समजूत मला नवी नव्हती. साताऱ्याला माझी आत्या दुपारच्या वेळी दारावर कोणी हाक मारली तर तीनदा ऐकल्याशिवाय जागची हलत नसे. पण आत्या ढोल साफ करत नव्हती. मी वहीत लिहिलं: 'पहिल्या हाकेला ओ आली नाही, तर आतला माणूस घुसमटून पडला आहे की नुसता गप्प बसला आहे, हे कळण्याचा मार्ग नाही. हाक एकदाच मारावी. ओ तत्काळ द्यावी.' आजही ते वाक्य वाचताना त्यात मला चूक सापडत नाही.

मॅनेजरसाहेबांनी नियमावर सही केली. सही व्हायला एक दिवस लागला आणि सवय मोडायला अडीच महिने.

नियम पाठ होतो, पण जीभ ऐकत नाही. म्हणून मी त्यांना कुठेही गाठू लागलो. नळावर, डबा खाताना, चिंचवड स्टेशनच्या रस्त्यावर मागून. "सोनबा!" म्हणून ओरडायचं आणि थांबायचं. सोनबा ओठ घट्ट दाबून उभा राहायचा, जणू मी त्याच्या तोंडातला घास मागतोय. मी पत्र्याचे गोल बिल्ले करून घेतले, त्यांवर 'तत्पर' असं रंगवलं, आणि सलग दहा वेळा पहिल्या हाकेला ओ देणाऱ्याच्या छातीवर वर्गासमोर लावू लागलो. मोठी माणसं बिल्ल्यासाठी लहान मुलांसारखी हट्टाला पेटतात, हे मुंबईच्या वर्गात शिकवलं होतं. ते खरं निघालं.

पहिला बिल्ला मालोजीला मिळाला.

"मास्तर," तो बिल्ला पुसत म्हणाला, "उद्या यमानं हाक मारली तरी पयल्यालाच ओ द्यायची का?"

"त्याची हाक ओळखू येईल तुला."

"ती कशी?"

"तो नाव चुकवणार नाही," मी म्हणालो. त्या काळी मलाही विनोद सुचत असत.

दिवाळीपर्यंत बावीसच्या बावीस जण पहिल्या हाकेला ओ देऊ लागले. ढोलखात्यात तीन हाका आणि तीन ओ एका दमात होत. मला त्याचा अभिमान वाटायचा, तो मी लपवत नसे.

दिवाळीनंतरच्या बुधवारी सोनबा तापाने आकुर्डीला घरी पडून होता. दुसऱ्या ढोलात त्या दिवशी कोणीच उतरलं नव्हतं. चांदभाईने सवयीने तिन्ही नावं घेतली.

"ज्योतीराम!" "ओ!"

"सोनबा!" "ओ!"

"मालोजी!" "ओ!"

आणि खटका पडला. ढोल अर्धा फिरून थांबले. त्यानंतर अर्जुनराव माझ्याकडे बघत म्हणाले, "सोनबा तर आज आल्याला न्हाई."

मी मालोजीला बोलावून फैलावर घेतलं. आवाजाची नक्कल करणं त्याच्या अंगात होतं. त्याने आईची शपथ घेतली. त्याचा चेहरा पांढरा होता, पण तो मातीने, त्यावरून काही ठरवता आलं नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच शेडमध्ये गेलो आणि खटक्याजवळ उभा राहून हाक मारली. सोनबा, ज्योतीराम, मालोजी, एकेकदा. पत्र्यावरून माझाच आवाज थोडा फाटून परत आला, "नबा", "राम", "लोजी". बाकी काही नाही. मी वहीत 'प्रतिध्वनी' असं लिहून खाली रेघ मारली. हाक 'सोनबा' असेल तर प्रतिध्वनी 'ओ' कसा येईल, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. तो मी लिहिला नाही.

पुढच्या सोमवारी वर्गात हजेरी घेतली. बावीस नावं, बावीस ओ. मग मी बिल्ले तपासायला बाकांमधून फिरलो आणि डोकी मोजली. एकवीस. पुन्हा मोजली. ज्योतीराम नव्हता. तो बहिणीच्या गावाला गेला होता, अर्ज माझ्याच टेबलावर होता. त्याच्या नावापुढे मी नुकतीच हजेरीची खूण केली होती. मी ती खोडली आणि त्या दिवसाचा धडा, ओझं उचलताना कंबर नाही तर गुडघे वाकवावेत, तो सुरू केला. सगळे ज्योतीरामच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मालोजीसुद्धा.

वर्ग सुटल्यावर चांदभाई मागे थांबला.

"मास्तरसाब, तीन हाका परत सुरू करा."

"का?"

त्याने टोपी काढून हातात फिरवली. "तुमाला वाटतं आमी हाक मारनाऱ्याला भितो. तसं न्हाई. घरी तसं आसंल. हितं हाक तर मीच मारतो. हितली रीत ओ देनाऱ्यासाठी हाय."

"म्हणजे?"

"ढोलखात्यात पयल्या हाकेला ओ येती. मी लागलो त्या दिवसापास्नं, बारा वर्सं झाली, येती. दुसऱ्यालाबी येती कदीमदी. तिसऱ्याला न्हाई आली कदी. मानसं दोन हाका गप ऱ्हायची, म्हनून मला कळायचं कंची ओ मानसाची हाय. आता तुमी समद्यांनाच पयल्याला ओ द्यायला शिकवलं. मी कशी वळखू?"

"ओ कोणाची येते?"

"ते आमी इचारत न्हाई," चांदभाई म्हणाला.

मला राग आला. भुताचा नव्हे, या गोष्टीचा, की बारा वर्षं ही माणसं एका यंत्राचा खटका अशा हिशेबाने पाडत होती आणि कोणी वरच्या माणसाला सांगितलं नव्हतं. आणि दुसऱ्याही गोष्टीचा राग आला, ती कबूल करतो. येत्या शनिवारी पिंपरी आणि दापोडीकडच्या कारखान्यांतले चार सुपरवायझर माझी पद्धत बघायला येणार होते. मॅनेजरसाहेबांनी पत्रं लिहिली होती. त्यांच्यासमोर एकच हाक आणि एकच ओ होणार होती. तेवढ्यासाठी तर ते येत होते.

"शनिवार होऊ दे," मी म्हणालो. "सोमवारपासून आपण काहीतरी बघू."

"तिसऱ्या ढोलात मालोजी असतो, मास्तरसाब. तो मला दिसत न्हाई."

"सोमवारी, चांदभाई."

त्याने टोपी घातली आणि तो गेला. बुधवारची साफसफाई नीट पार पडली. अर्जुनरावांना प्रत्येक ढोलात डोकावून बघायला लावावं, एवढी साधी गोष्ट मला त्या आठवड्यात सुचली नाही. माझी सगळी अक्कल हाकेवर खर्च झाली होती.

शनिवारी चारही पाहुणे दहाच्या सुमारास आले. त्यांतले पिंपरीचे उद्धवराव वयाने मोठे, कोट घातलेले, प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घेणारे. मी त्यांना तिसऱ्या ढोलासमोर, पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं केलं, म्हणजे मालोजी बाहेर येताना त्यांना जवळून दिसेल. ऊन पत्र्यावर चांगलं तापलं होतं. तिन्ही ढोलांतून छन्नीची टकटक येत होती. पलीकडच्या टोकाला पंप धडधडत होता, त्यामुळे चांदभाईला ती टकटक ऐकू जात नसणार.

अर्जुनरावांनी शिट्टी वाजवली. ही काम संपल्याची इशारत. पहिल्या ढोलाची टकटक थांबली, मग दुसऱ्याची. ज्योतीराम बाहेर आला, सोनबा बाहेर आला. दोघे आपापल्या जागी उभे राहिले.

तिसऱ्या ढोलाची टकटक चालूच होती. एखादी घट्ट खपली राहिली असेल, असं मला वाटलं.

"ज्योतीराम!"

"ओ!"

"सोनबा!"

"ओ!"

"मालोजी!"

"ओ!"

ओ माझ्या डाव्या कानाशी आली. मालोजीचा आवाज, स्वच्छ, खणखणीत, वर्गात बिल्ला मिळवताना होता तसा.

मी डावीकडे वळून बघितलं. तिथे कोणी नव्हतं. उद्धवराव मात्र एक पाऊल बाजूला सरकले, गर्दीत कोणाला वाट देतात तसे, आणि लिहीत राहिले.

ढोलातून टकटक येत होती.

मी ओरडायला हवं होतं. मी ओरडलो नाही. चार परक्या माणसांसमोर माझा नियम खोटा पडला असता, एवढंच माझ्या मनात आलं. सेकंद, दीड सेकंद. तेवढा वेळ मी मालोजीला त्या ढोलात राहू दिलं.

खटका पडला नाही. लांबून चांदभाईचा आवाज आला. त्याने माझा नियम मोडला होता.

"मालोजी!"

"ओ!"

पुन्हा तिथेच, माझ्या कानाशी. उद्धवरावांनी मान वर केली. "हे दोनदा का?" ते म्हणाले.

टकटक, टकटक.

मी खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आता तिसरी हाक येईल, तिला ओ येणार नाही, आणि चांदभाईला कळेल.

"मालोजी!"

"ओ!"

तिसऱ्या हाकेला कधी आली नाही, असं चांदभाई म्हणाला होता. बारा वर्षांत नाही. पण गेले अडीच महिने मी रोज शिकवत होतो. नळावर, रस्त्यावर, वर्गात. हाक आली की ओ द्यायची, चुकायचं नाही. माझ्या वर्गात बावीस जण होते असं मी समजत होतो.

जुन्या रीतीप्रमाणे तिसऱ्या हाकेला ओ आली होती. लांबवर पत्र्यावर चांदभाईच्या हाताची सावली खटक्याकडे सरकताना मला दिसली.

"थांबा!" मी ओरडलो. "चांदभाई, थांब!"

मी पट्टा ओलांडून धावलो. भोकात तोंड घालून हाक मारली. "मालोजी! बाहेर ये!"

टकटक थांबली.

आत काळोख होता आणि ओल्या मातीचा गारवा. काहीतरी हललं. मग पांढरं डोकं भोकातून बाहेर आलं, मग खांदे, मग छातीवरचा तो बिल्ला. मी त्याला बखोटीला धरून ओढलंच. तो पट्ट्याच्या अलीकडे येऊन उभा राहिला.  मला इतका आनंद झाला होता की मी त्याच्या गालावर एक चापट मारली.

"शिट्टी ऐकू आली नाही का रे?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

अर्जुनराव आले, चांदभाईही आपली जागा सोडून आला. मी सगळ्यांसमोर मोजले. ज्योतीराम, सोनबा, मालोजी. तीन. मग अर्जुनरावांची बॅटरी घेऊन मी एकेका ढोलात डोकावलो. तिसऱ्यात जरा जास्तच वेळ. पांढरी लादी, तळाला खपल्यांचा ढीग, ढिगावर छन्नी आणि हातोडी पडलेली. बाकी काही नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"पाड खटका," मी चांदभाईला म्हणालो.

तो जागचा हलेना. "हत्यारं आत राह्यलीत," तो म्हणाला.

"राहू देत. नंतर काढू." पाहुणे ताटकळले होते.

तो गेला. खटका पडला. दांडा करकरला आणि तिन्ही ढोल हळूहळू फिरू लागले. तिसऱ्यात छन्नी आणि हातोडी घरंगळायला लागल्या.

आणि त्या आवाजातून, ढोलाच्या आतून, ओ आली.

कोणी हाक मारली नव्हती. मालोजी माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचं तोंड मिटलेलं होतं.

ओ पुन्हा आली. ती पहिल्यासारखी खणखणीत नव्हती. लांबलेली होती.

मी थांब म्हणून ओरडलो नाही. मी तिन्ही माणसं मोजली होती, तिन्ही ढोल बघितले होते. अर्धा फेरा पूर्ण झाला आणि ढोल थांबले.

त्यानंतर काही आलं नाही.

चांदभाई खटक्यावरून उठला, नळावर गेला आणि कोपरापर्यंत हात धुतले. सोमवारी त्याने बदली मागितली. ती मिळाली, फाटकावर.

दुपारी ढोल भरण्यापूर्वी मी तिसऱ्याच्या भोकात पुन्हा बॅटरी मारली. छन्नी आणि हातोडी होत्या, त्या गळ टाकून काढल्या. दुसरं काही सापडलं नाही. अपघाताचा अहवाल लिहायचा प्रश्नच नव्हता, कारण अपघात झाला नव्हता. सोमवारपासून मी हाकेची पद्धत बंद केली. मुकादमाने प्रत्येक ढोलात डोकावून बघायचं आणि माणसाच्या दंडाला हात लावून मोजायचं, असा नियम झाला. उद्धवरावांचं आभाराचं पत्र आलं. त्यांना पद्धत पटली होती, फक्त खाली एक ओळ होती, की त्या दिवशी माझ्या डाव्या बाजूला उभ्या असलेल्या कामगाराचं नाव त्यांना लिहून घ्यायचं राहिलं. मी उत्तर पाठवलं नाही.

मालोजी कामावर येत राहिला. हजेरीला ओ देत राहिला. वर्गात मागच्या बाकावर बसायचा, प्रश्न विचारत नसे. तो भेदरला असेल, असं मी धरून चाललो. मरणाच्या इतक्या जवळून आलेला माणूस काही दिवस गप्प राहणारच.

तीन आठवड्यांनी त्याची बायको, रुक्मिणीबाई, माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. ती आमच्याच कारखान्यात पॅकिंगला होती, इन्सुलेटरभोवती भाताचा पेंढा गुंडाळायची. डोक्यावरच्या पदरातही पेंढ्याची काडी अडकली होती.

"मास्तर, योक इचारू का?"

"विचारा ना."

"पयल्या हाकेला ओ द्यायचं तुमीच शिकीवलं नव्हं ह्यान्ला?"

"हो. पण आता तो नियम नाही. का?"

"घरी देत्यात."

"सवय आहे ती, जाईल हळूहळू."

ती जमिनीकडे बघत होती. "मास्तर, मी ह्यांचं नाव घेत न्हाई. लगीन हून नऊ वर्सं झाली, उखान्यात काय घेतलं आसंल तेवढंच. हाक माराय मी 'अवो' म्हनते."

"बरं."

"आता म्हनावंबी लागत न्हाई. चुलीम्होरं बसल्याली आसते, मनात नाव येतं. नुसतं मनात, मास्तर. तर मागनं ओ येती. वळून बगावं तर उंबऱ्यात हुबं. मी काय म्हनलं न्हाई म्हनते, तर बगत ऱ्हात्यात. पुन्यांदा मनात आलं की पुन्यांदा ओ. दुसरं कायबी बोलत न्हाईत."

"काहीच नाही?"

"त्या शनवारपास्नं न्हाई."

मी आठवून बघितलं. तीन आठवड्यांत मी त्याच्याशी रोज बोललो होतो. त्याने मला काय उत्तर दिलं होतं ते मला एकदाही आठवेना, हजेरीची ओ सोडली तर.

"मला येवढंच सांगा," ती म्हणाली, "त्या ढोलातनं ह्ये तुमच्या डोळ्यांदेखत भाईर आलं नव्हं? तुमी सोता बगितलं नव्हं?"

"हो," मी म्हणालो. "मी स्वतः हाताला धरून काढलं."

तिने मान हलवली. तिला बरं वाटलं असावं. ती पदर सावरून पेंढ्याच्या शेडकडे निघून गेली. ढोल फिरताना आतून काय आलं ते मी तिला सांगितलं नाही, आणि मी ढोल थांबवला नाही हेही नाही. ते मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याची मला लाज वाटते.

पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडून मिरजेला आलो. ज्योतीराम, सोनबा, चांदभाई, अर्जुनराव, सगळ्यांची नावं मी इथे खरी लिहिली आहेत. मालोजी हे मात्र त्याचं नाव नव्हे. खरं नाव लिहायचं तर ते आधी मनात घ्यावं लागतं, आणि मी या घरात एकटा राहतो.